महाड-पोलादपूरच्या डोंगरात मुक्काम: जागा कुठं, परवानगी कुणाची, बुकिंग कसं

दिवाळी आटोपली की डोंगराची हवा सुरू होते आणि महाड-पोलादपूरकडे फोन वाजू लागतात. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. लिंगाण्याच्या पायथ्याशी तंबू लावता येईल का? चंद्रगडाखाली कुणाकडे जेवणाची आणि झोपायची सोय होईल? रायगडावर रात्री थांबू देतात का? वन खात्याची परवानगी लागते का, आणि लागत असेल तर ती कोणत्या कार्यालयात मिळते? कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पहिला टप्पा मार्च १९९३मध्ये सुरू झाला. तेव्हापासून मुंबईहून रेल्वेने या डोंगरांकडे येणारे पुष्कळ जण वीरला उतरतात. त्यामुळे आमच्या गावातल्या माणसाला हे प्रश्न हमखास विचारले जातात. नेमकं, खात्रीचं उत्तर मात्र त्याच्यापाशी नसतं, कारण ते एका ठिकाणी लिहून ठेवलेलंच नाही.

मुक्कामाच्या जागेचा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण शनिवार-रविवारच्या गर्दीचं काय करायचं, गावाला त्यातून काय मिळतं, जंगलाचं काय होतं आणि पावसाळ्यात माणसं का मरतात, हे सगळे प्रश्न त्याच्यात गुंतलेले आहेत. म्हणून या दोन तालुक्यांतल्या जागा, त्यांचे नियम आणि बुकिंगच्या वाटा एकत्र मांडून पाहायला हव्यात. माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्याकडे तंबू टाकायला मोकळी जमीन भरपूर आहे. कमी आहे ती गावाच्या हातात असलेली, संख्येची मर्यादा पाळणारी आणि सरकारदरबारी नोंदलेली मुक्कामाची व्यवस्था. ती उभी राहिली तर बुकिंगचा प्रश्न बराचसा सुटेल.

राष्ट्रीय उद्यानात तंबू का लावता येत नाही

परदेशातल्या राष्ट्रीय उद्यानांची छायाचित्रं पाहून अनेकांना वाटतं की आपल्याकडेही उद्यानात शिरून आवडेल तिथे तंबू ठोकता येत असेल. आपला कायदा वेगळ्या विचारातून आला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जायचं तर परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच तो मिळतो. आत आग पेटवायला मनाई आहे. शेकोटीवाला मुक्काम तिथेच संपतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. यातलं ताडोबा सगळ्यांत जुनं, १९५५चं. ताडोबाला जाणारा माणूस सफारीचं बुकिंग करतो आणि रात्र उद्यानाच्या वेशीवरच्या मोहर्लीसारख्या गावात काढतो. २०१२च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. त्यानंतर ऑक्टोबरात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी गाभ्यात राहण्याच्या नव्या सोयी उभारायला मनाई केली आणि पर्यटनाला गाभ्याचा मर्यादित हिस्साच मोकळा ठेवला. सामान्य माणसाला जंगलात रात्र काढायची संधी मिळते ती मुख्यतः बुद्धपौर्णिमेला. त्या रात्री वन खातं आधी नाव नोंदवलेल्या लोकांना मचाणावर बसवतं आणि पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला सांगतं. मचाणं मोजकी असतात, त्यामुळे नोंदणी उघडताच जागा भरतात.

आमच्या भागाला जवळचं मोठं संरक्षित क्षेत्र म्हणजे सह्याद्री व्याघ्रप्रकल्प. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो २०१०मध्ये झाला. वासोट्याचा ट्रेक याच क्षेत्रातला. बामणोलीला वन खात्याच्या कार्यालयात नावं नोंदवायची, शुल्क भरायचं, होडीने कोयनेचा जलाशय ओलांडायचा आणि संध्याकाळी परत यायचं, अशी तिथली पद्धत. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या जाताना मोजून अनामत घेतात आणि परत आणल्या की ती परत करतात. पूर्वी माणसं आत मुक्काम करत, आता करू देत नाहीत. रायगड जिल्ह्यात १९८६पासूनचं फणसाड अभयारण्य आहे. तिथेही खुशाल कुठेही तंबू लावता येत नाही; सुपेगावला वन खात्याने केलेल्या सोयीतच राहायचं.

तात्पर्य, संरक्षित जंगलात मुक्काम म्हणजे वेशीवरच्या गावातला मुक्काम. हे एकदा मान्य केलं की शोध योग्य दिशेने सुरू होतो.

चार मालक, चार नियम

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत राष्ट्रीय उद्यान नाही. गड, घाटवाटा आणि डोंगरकुशीतली गावं आहेत. इथली जमीन साधारण चार मालकांची आहे आणि परवानगीचं उत्तर मालकागणिक बदलतं.

पहिला मालक पुरातत्त्व खातं. रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्याला १९५८चा कायदा लागू होतो. जुलै २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात रायगड आहे आणि आमच्या शेजारचा प्रतापगडही आहे. अशा ठिकाणी वाड्यांच्या जोत्यांवर, बाजारपेठेत किंवा तलावाकाठी तंबू लावणं हा सरळ नियमभंग आहे. महाडजवळची गांधारपाल्याची लेणीही संरक्षित आहेत, तीही रात्रीच्या आसऱ्यासाठी नाहीत. राज्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवरही वारा याच दिशेने वाहतो आहे. राजगडावर वर्षानुवर्षं पद्मावती माचीवरचा मुक्काम ही ट्रेकरांची रूढ गोष्ट होती, तिथेही मुक्कामाला बंदी आली.

दुसरा मालक वन खातं. महाड आणि पोलादपूर ही वनपरिक्षेत्रं रोहा वनविभागात येतात. राखीव वनात १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं गुन्हा आहे. पायवाटेने चालत जाणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, पण चालणं वेगळं आणि चूल मांडून रात्र काढणं वेगळं. मोठा गट असेल तर परिक्षेत्र कार्यालयात आधी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

तिसरा मालक देवस्थान. डोंगरातली देवळं हा इथल्या मुक्कामाचा सगळ्यांत जुना आधार. मंगळगडाच्या माचीवर कांगोरीदेवीचं देऊळ आहे, तिथे दहाबारा जणांची पथारी पडते. शिवथरघळीला समर्थांच्या ठिकाणी येणाऱ्यांसाठी राहण्या-जेवणाची व्यवस्था आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३०मध्ये ही घळ शोधून काढली, तेव्हापासून तिथे भाविकांचा राबता वाढत गेला. पण ते साधनेचं ठिकाण आहे, सहलीचं नव्हे. तिथल्या वेळा, तिथली शांतता आणि प्रसादाची शिस्त पाळायची तयारी असेल तरच तिथे थांबावं.

चौथा मालक शेतकरी. पडवी, खळं, घरामागची पडीक जमीन, कधी शाळेचा व्हरांडा. बहुतेक गट रात्री इथेच झोपतात. कायद्याने ही जागा सगळ्यांत सोपी आहे, कारण मालकाने हो म्हटलं की पुरतं. नोंदणी मात्र सगळ्यांत कमी इथेच आहे. पुढचा बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो.

जागांची ओळख

रायगडाला येणाऱ्यांची गर्दी सर्वाधिक, म्हणून सुरुवात तिथून. १९९६पासून रोपवे आहे; त्यामुळे गडावर येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याच दिवशी परततात. थांबायचंच असेल तर गडावरच्या मोजक्या खोल्या, पायथ्याचं पाचाड आणि आसपासच्या वाड्यांमधली घरगुती सोय हे पर्याय आहेत. पाचाड सोयीचं. तिथे जिजाऊंची समाधी आहे, रस्ता दाराशी येतो, पहाटे निघून ऊन चढायच्या आत गड गाठता येतो. ६ जून आणि तिथीने येणारा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा राज्याभिषेक सोहळा या दोन दिवसांत मात्र सगळा हिशोब बदलतो. लाखो माणसं येतात, वाहनं खाली लांब थांबवतात आणि पाचाड ते महाडपर्यंत खोली मिळत नाही. ज्याला गड शांतपणे पाहायचा आहे त्याने हे दिवस टाळावेत, आणि ज्याला सोहळ्यालाच यायचं आहे त्याने प्रशासनाने नेमून दिलेल्या ठिकाणीच उतरावं.

महाड शहरातल्या लॉजची स्थिती आणखी दोन तारखांना अशीच असते. २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा दिवस. १९२७च्या या दोन घटनांना अभिवादन करायला देशभरातून लोक येतात. २५ डिसेंबर तर नाताळच्या सुट्टीतच पडतो. ट्रेकसाठी महाडला मुक्काम ठरवणाऱ्याने या तारखा पाहूनच ठरवावं. दुरून अभिवादनाला आलेल्या माणसाला शहरात जागा मिळायलाच हवी.

लिंगाण्याला दोन बाजूंनी जाता येतं. कोकणातून यायचं तर पायथ्याचं पाने गाव. पुणेकर घाटमाथ्यावरच्या मोहरीत मुक्काम करतात आणि पहाटे रायलिंग पठारावर जाऊन बोराट्याच्या नाळेने उतरतात. रायलिंगाच्या कड्यावर तंबू लावण्याची ओढ समजू शकते, समोर लिंगाणा आणि त्यामागे रायगड. पण तिथे पाणी नाही, वारा तंबू उपटतो आणि अंधारात कडा दिसत नाही. मोहरीतल्या घरी झोपून पहाटे चालत जाणाऱ्याला तेच दृश्य दिसतं.

मढेघाटाची वाट पुणे जिल्ह्यातल्या केळदहून आमच्या कर्णवडीकडे उतरते. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला आणला, असं परंपरा सांगते. पावसाळ्यात धबधब्यासाठी केळदला इतकी गर्दी होते की गावाचा रस्ता बंद पडतो. मुक्कामाला हिवाळाच चांगला.

पोलादपूरहून उमरठमार्गे ढवळ्याला गेलं की चंद्रगड. १६५६मध्ये जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांकडे आलेल्या गडांपैकी हा एक. माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत आणि उघड्यावरचं शिवलिंग आहे, पण झोपण्याजोगी सपाट जागा जवळजवळ नाही. म्हणून मुक्काम ढवळ्यातच. चंद्रगड करून ढवळेघाटाने महाबळेश्वरच्या ऑर्थरसीटला चढणारे कधी बहिरीच्या घुमटीपाशी रात्र काढतात. जवळच्या पाण्याचा उन्हाळ्यात भरवसा धरू नये. वाट दाट जंगलातली, अस्वलं आणि बिबटे असलेली आहे, आणि गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

फोनवरचं बुकिंग, जवळून

या गावांमध्ये बुकिंग कसं चालतं ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. मुंबईचा गट गुरुवारी फोन करतो.

"ताई, शनिवारी रात्री येतोय. जेवण-मुक्काम होईल ना?"

"होईल की. माणसं किती?"

"दहाबारा."

"दहा का बारा, नक्की सांगा दादा. पीठ दळून आणायचं असतं. आणि पोचणार कधी?"

"दहापर्यंत."

या चार वाक्यांवर सगळा व्यवहार उभा असतो. ताई शनिवारी दुपारी तांदूळ दळून आणतात, कारण इथली भाकरी तांदळाची. पिठल्याचं बेसन, भाजी, तेल, दूध बाजारातून येतं. बारा जणांच्या आंघोळीसाठी सरपण फोडून ठेवतात. पडवी सारवून सतरंज्या काढतात. एवढं झाल्यावर कधी बारा जणांचा गट अठराचा होऊन येतो, कधी सातच येतात, आणि कधी कुणाची गाडी नागोठण्याला अडकते म्हणून सगळेच परस्पर वळून दुसरीकडे जातात. फोन करायचं राहून जातं. दळलेलं पीठ आणि तापवलेलं पाणी ताईंच्या अंगावर पडतं. आगाऊ रक्कम मागितली तर "गावातली माणसं व्यापारी झाली" असा शेरा मिळतो.

खरं तर शहरातला माणूस रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढतो, रद्द केलं तर कापली जाणारी रक्कम मुकाट सोसतो. तोच न्याय त्याने गावाला लावायला काय हरकत आहे? अर्धी रक्कम आधी, माणसांची संख्या दोन दिवस आधी पक्की, न आल्यास आगाऊ रक्कम परत नाही. एवढे तीन नियम सगळ्या गावांनी एकमताने पाळले तर या व्यवहारातला निम्मा मनस्ताप जाईल.

बुकिंगच्या इतर वाटा

ट्रेक काढणाऱ्या संस्थांमार्फत येणं ही दुसरी वाट. नवख्या माणसासाठी ती सोयीची आहे, कारण गाडी, जेवण, वाटाड्या, मुक्काम सगळं एकत्र मिळतं. मात्र पैसे भरण्याआधी एक चौकशी करावी. राज्य सरकारने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी जुलै २०१८मध्ये शासननिर्णय काढला आणि ऑगस्ट २०२१मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारावा, गटात किती माणसं आहेत, किती प्रशिक्षित नेते आहेत, प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे आहे हेही विचारावं. आणखी एक प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, तो म्हणजे गावातल्या यजमानाला माणशी किती रुपये दिले जातात. आपण भरलेल्या पैशातले फार थोडे पैसे पडवी सारवणाऱ्या बाईपर्यंत पोचत असतील तर ते आपल्याला माहीत असायला हवं.

तिसरी वाट तंबूंच्या व्यावसायिक जागांची. पवना धरणाच्या काठाने ती किती वाढली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. रांगेने रंगीत तंबू, रात्री उशिरापर्यंत गाणी, सकाळी पाण्याकाठी कचरा. सावित्री आणि काळ नद्यांच्या काठांनीही हे व्हायला वेळ लागणार नाही. मी तंबूंच्या विरोधात नाही. माझा आक्षेप आहे तो शौचालयं, सांडपाणी आणि आवाज यांचा विचार न करता उभ्या राहणाऱ्या जागांना. ज्या ओढ्याकाठी तंबू लागतात त्याच ओढ्याचं पाणी खालची वाडी पिते.

चौथी वाट सरकारी संकेतस्थळांची. वन खात्याची विश्रामगृहं, पर्यटन महामंडळाची निवासं, सफारी, सगळं आता ऑनलाइन झालं आहे. ही पद्धत सर्वांत पारदर्शक असायला हवी, आणि पुष्कळदा असतेही. पण नुसतं ऑनलाइन झालं म्हणजे विश्वास निर्माण होतो असं नाही. ताडोबाच्या सफारी बुकिंगचं काम करणाऱ्या खासगी कंपनीच्या भागीदारांवर २०२३मध्ये सुमारे बारा कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला गेला. संकेतस्थळामागे हिशोब तपासणारी माणसं लागतात.

इतरांनी काय केलं

अमेरिकेत योसेमिटीसारख्या उद्यानात मुक्कामाच्या जागांना क्रमांक असतात. एका जागेत जास्तीत जास्त सहा माणसं. अन्न अस्वलांपासून वाचवायला लोखंडी पेटी, त्यातच ते ठेवणं सक्तीचं. योसेमिटीच्या अनेक जागांचं बुकिंग काही महिने आधी, महिन्याच्या पंधरा तारखेला सकाळी सात वाजता उघडतं आणि उन्हाळ्याच्या तारखा पाहता पाहता संपतात. कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबंही त्या सकाळी दोन-तीन संगणक उघडून बसतात. न मिळालेले रोज रद्द होणाऱ्या जागांवर नजर ठेवतात. या पद्धतीत गैरसोय आहे, पण तिचं एक तत्त्व घेण्यासारखं आहे. जागा किती माणसं सोसू शकते ते आधी ठरतं, मग बुकिंग उघडतं. आपल्याकडे माणसं आधी येतात आणि जागा किती सोसेल हा विचार कचरा गोळा करताना होतो.

तेच तत्त्व महाराष्ट्रात राबवलं गेलेलं आहे. कास पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा झालं आणि फुलांच्या हंगामात साताऱ्यापासून गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. तेव्हा वन खातं आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या यांनी मिळून दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणली, शुल्क लावलं. गाड्या लांब थांबवल्या जातात, गावची मुलं पठारावर लक्ष ठेवतात. सगळं सुरळीत आहे असं नाही, पण मर्यादा घालता येते हे कासने दाखवून दिलं.

दुसरं उदाहरण आमच्या अगदी जवळचं, बाणकोट खाडीपलीकडचं वेळास. सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली आणि २००६मध्ये कासव महोत्सव सुरू केला. पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येऊ लागली, तेव्हा हॉटेल बांधण्याऐवजी गावकऱ्यांच्या घरांतच राहण्याची सोय झाली. पाहुणा घरात जेवतो, पैसा घरात राहतो, आणि घरटी शाबूत राहिली तरच पाहुणा येतो हे घरातल्या प्रत्येकाला कळतं. ज्या गावात पूर्वी अंडी काढून नेली जात, तेच गाव आज अंड्यांची राखण करतं. मुक्कामाची चांगली व्यवस्था निसर्गाचं रक्षण कसं करू शकते याचा इतका ठळक पुरावा दुसरा नाही.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं

आमच्या तालुक्यांत मुक्कामाच्या जागेचा विचार पावसाला वगळून करता येत नाही. २५ आणि २६ जुलै २००५ला महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला तळीये गाडलं गेलं आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरड आली, महाड शहर पुरात बुडालं. जुलै २०२४मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले, पर्यटक अडकले आणि गडाची वाट बंद करावी लागली.

दरड कोसळते ती उतारावर, ओढ्याच्या काठाने, डोंगराच्या सोंडेखाली. तंबूसाठी सगळ्यांत देखण्या वाटणाऱ्या जागा बहुतेक अशाच असतात. म्हणून जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत या डोंगरांत उघड्यावर मुक्काम करूच नये. कुणी बुकिंग घेत असेल तरी करू नये. वरंध आणि आंबेनळी घाट पावसात वारंवार बंद होतात, परतीची वाट राहीलच याची खात्री नसते. माणगाव तालुक्यातल्या देवकुंडासारख्या ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं, ती पाळावी.

उन्हाळ्याचा धोका आगीचा. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीने पूर्ण डोंगर जळतो. चुलीच्या धुराने आग्या मोहोळ उठतं ते वेगळंच. उघड्यावर चूल पेटवायची नाही, एवढं ठरवलं तर रात्रीचं जेवण गावातल्या घरी घ्यावं लागतं, आणि त्यात सगळ्यांचं भलं आहे.

काय व्हायला हवं

हा सगळा आढावा घेतल्यावर मला वाटतं, पाच गोष्टी होण्यासारख्या आहेत आणि त्यातली एकही अशक्य नाही.

महाड आणि पोलादपूर तहसील कार्यालयांनी, वन खातं आणि पुरातत्त्व खात्याला बरोबर घेऊन, मुक्कामाच्या परवानगीची एक यादी दरवर्षी ऑक्टोबरात जाहीर करावी. कोणत्या गडावर मुक्काम बंद, कोणत्या गावात सोय, परवानगीसाठी कोणतं कार्यालय, एवढंच त्यात असावं. ती वीर स्टेशनावर, महाडच्या एसटी आगारात आणि पाचाडला लावावी.

ग्रामसभेने आपल्या गावात एका रात्री किती पाहुणे राहू शकतात हा आकडा ठरवावा. विहिरीचं पाणी, शौचालयं आणि घरं यांच्या हिशोबाने तो निघेल. ढवळ्यासारख्या गावाला तो लहान असेल, पाचाडला मोठा. आकडा भरला की पुढच्या फोनला नाही म्हणायचं आणि शेजारच्या गावाचं नाव सांगायचं.

पाहुणे घरांनी आळीपाळीने घ्यावेत. एकाच घराचं नाव सगळीकडे पसरतं आणि बाकीची घरं फक्त कचरा उचलतात. ते थांबेल. बचत गटांकडे हे काम दिलं तर हिशोब चोख राहील.

वाटाड्यांची नोंद व्हावी. ढवळेघाट, बोराट्याची नाळ, मंगळगडाची वाट ओळखणारी तरुण मुलं प्रत्येक गावात आहेत. त्यांना प्रथमोपचार आणि दोराचं प्रशिक्षण मिळालं, ओळखपत्र मिळालं, तर हरवणाऱ्यांना शोधायला रात्री कंदील घेऊन निघायची वेळ कमी येईल. आजही डोंगरात कुणी अडकलं की आधी धावतात ती हीच मुलं आणि महाड-पोलादपूरची बचाव पथकं, बहुतेकदा स्वतःच्या खर्चाने.

पाचवी गोष्ट येणाऱ्याने करायची आहे. निघण्याआधी यजमानाला स्वतः फोन करावा, आगाऊ रक्कम द्यावी, नेमकी संख्या सांगावी, दिवस मावळायच्या आत पोचावं, आपला कचरा आपल्या सॅकमधून परत न्यावा. येणार नसलो तर तसं कळवावं. गावातला माणूस अजूनही शब्दावर पीठ दळतो. त्याच्या शब्दाइतकाच आपला शब्द पक्का असेल, तर या डोंगरात मुक्कामाला जागा नाही असं क्वचितच घडेल.